शेजारचं गवत आणि डेट्रॉइटचा हिशोब

'आमचा धाकटा डेट्रॉइटला असतो' असं सांगणारं एखादं तरी घर पिंपरी-चिंचवडच्या बाजूला सापडतंच. गाड्यांच्या कंपन्यांचं नातं आहे ते. जरा खोदून विचारलं की कळतं, धाकटा नोव्हायला असतो, नाहीतर ट्रॉयला, कँटनला, फार्मिंग्टन हिल्सला. ही सगळी वेगळी गावं. नगरपालिका वेगळ्या, शाळा वेगळ्या, घरपट्टीही वेगळी. खुद्द डेट्रॉइटच्या हद्दीत त्याचं पाऊल पडतं ते एखाद्या सामन्याला, किंवा भारतातून आलेल्या आईवडिलांना नदीपलीकडचा कॅनडा दाखवायला. (तो तिथे दक्षिणेला आहे. नकाशा बघितल्याशिवाय कुणाचाही विश्वास बसत नाही.)

नाव डेट्रॉइटचं घ्यायचं आणि राहायचं बाहेर, ही सवय काही आपल्या मंडळींनी लावलेली नाही. ती सत्तर-ऐंशी वर्षं जुनी आहे आणि शहराची निम्मी गोष्ट त्या सवयीतच आहे.

1950 साली डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. 2020 च्या जनगणनेत ती 6 लाख 39 हजार भरली. म्हणजे तीन माणसांतली दोन गेली. शहराची जमीन मात्र तेवढीच राहिली, सुमारे 360 चौरस किलोमीटर. मॅनहॅटन, बोस्टन आणि सॅन फ्रान्सिस्को ही तिन्ही एकदम ठेवली तरी उरेल इतकी ही जागा. आणि डेट्रॉइट पहिल्यापासून पसरलेलं शहर. कारखान्यात कमावणाऱ्या कामगाराने स्वतःचं बैठं किंवा एकमजली घर बांधायचं, मागे गॅरेज, पुढे हिरवळ. चाळी नाहीत, उंच इमारती मोजक्याच.

अशा शहरातून माणसं गेली की काय होतं, हे कळायला एक गल्ली घेऊ. समजा, तिच्यात चाळीस घरं आहेत. प्रत्येक घरात चार माणसं, म्हणजे एकशेसाठ. आता त्यातली अठ्ठावीस घरं रिकामी झाली. उरलेल्या बारा घरांसाठी पाण्याची पाइप अर्ध्या फर्लांगाने आखूड होत नाही. कचऱ्याच्या गाडीला गल्लीच्या टोकापर्यंत जावंच लागतं. दिवे तेवढेच, बर्फ काढायचा रस्ता तेवढाच, अग्निशमन दलाचं काम तर उलट वाढलेलं, कारण रिकामी घरंच जास्त पेटतात. खर्च चाळीस घरांचा आणि घरपट्टी बारा घरांची. त्या बारा घरांवर कर वाढवला, तर त्यातली ज्यांना जमेल ती चार उठून पलीकडच्या गावात जातात. मग राहिली आठ.

रस्त्यावरची वर्दळ याच हिशोबाने जाते. एकशेसाठ माणसांवर कोपऱ्यावरचं किराण्याचं दुकान कसंबसं चालतं, तीस माणसांवर चालत नाही. ते बंद झालं की चालत जाण्यासारखं काही उरत नाही, मग जो तो गाडीत बसतो, मग फूटपाथवर कुणी दिसत नाही, आणि ज्या फूटपाथवर कुणी दिसत नाही त्यावरून जायला उरलेल्यांनाही भीती वाटते. 'शहर ओसाड का पडलं?' याचं उत्तर लोक मोठ्या इमारतींच्या खिडक्यांत शोधतात. खरं म्हणजे ते गल्लीच्या तोंडाशी असतं.

माणसं का गेली, याचं एक सोपं उत्तर नेहमी दिलं जातं: 1967 चा उद्रेक. त्या जुलैत पोलिसांनी बाराव्या रस्त्यावरच्या एका बेकायदा गुत्त्यावर धाड घातली, शहर पेटलं आणि 43 माणसं मेली. पण लोकसंख्या 1950 च्या दशकातच घसरायला लागली होती. गाड्यांचे नवे कारखाने शहराबाहेर, मोकळ्या जमिनीवर, एकमजली शेडमध्ये उभे राहू लागले होते. शहरातून बाहेर जायला सहापदरी रस्ते झाले होते. आणि बाहेरच्या नव्या घरांसाठी सरकारी हमीचं स्वस्त कर्ज मिळत होतं, पण गोऱ्यांना. सरकारी नकाशांवर काळ्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या जात: इथे कर्ज धोक्याचं.

हे कागदावरचं धोरण विटा-सिमेंटमध्ये बघायचं असेल तर ते अजून उभं आहे. शहराच्या उत्तर सीमेला, एट माइल रस्त्याजवळ, 1941 साली एका बिल्डरने सुमारे सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब भिंत बांधली. एका बाजूला काळ्यांची वस्ती, दुसऱ्या बाजूला त्याची गोऱ्यांसाठीची नवी घरं. मधे भिंत घातल्यावर सरकारने कर्जाला हमी दिली. आज दोन्ही बाजूंना काळीच कुटुंबं राहतात. भिंतीचा एक भाग रंगवलेला आहे आणि तिच्या शेजारी मुलांचं मैदान आहे.

ज्यांना बाहेर जायची सोय नव्हती त्यांचं काय झालं, त्याचं उदाहरण हेस्टिंग्ज रस्ता. ब्लॅक बॉटम आणि पॅरडाइज व्हॅली या काळ्या वस्त्यांचा तो मुख्य बाजार. न्हाव्यापासून डॉक्टरपर्यंत आणि खाणावळीपासून जॅझच्या क्लबपर्यंत सगळं त्या रस्त्यावर. 1950 च्या आणि 60 च्या दशकांत तो 'सुधारणे'साठी पाडला आणि त्यावरून महामार्ग काढला. डाउनटाउनला, म्हणजे शहराच्या मध्यभागाला, खेटून गेलेला त्याचा जेमतेम मैलभराचा तुकडा, आय-375, खंदकासारखा खोल आहे. तो बुजवून पुन्हा साधा रस्ता करायची योजना गेली काही वर्षं घोळते आहे. भरलेला बाजार मोडून झाला, त्याच्या जागेवरचा खड्डा बुजवायची मात्र चर्चाच चालू आहे.

आता दिव्यांकडे येऊ. माझ्या मते डेट्रॉइटच्या पडझडीचं आणि सावरण्याचं मोजमाप दिव्यांवरूनच करावं.

डेट्रॉइटच्या पोटात हायलँड पार्क नावाचं एक छोटं स्वतंत्र शहर आहे. हेन्री फोर्डने 1913 साली सरकती जुळणी-साखळी सुरू केली ती इथल्या कारखान्यात. दिवसाला पाच डॉलर मजुरी, म्हणजे त्या काळी दुप्पट पगार, तोही 1914 मध्ये इथेच. 1930 साली इथे पन्नास हजारांवर माणसं होती, 2010 मध्ये बारा हजारांच्या आत. 2011 साली या शहराचं विजेचं बिल सुमारे 40 लाख डॉलरने थकलं होतं. वीज कंपनीने तडजोड केली: थकबाकी माफ, पण रस्त्यावरचे दिवे काढणार. नुसती वीज तोडली नाही, हजाराहून जास्त खांब मुळासकट उपटून नेले. ज्या गावात विसाव्या शतकाचा कारखाना जन्मला, तिथल्या आतल्या गल्ल्या रात्री खेड्यासारख्या झाल्या. मग रहिवाशांनी एकत्र येऊन, वर्गणी काढून सौरदिवे बसवायला घेतले.

खुद्द डेट्रॉइटमध्ये 2013 साली सुमारे 88 हजार दिव्यांपैकी चाळीस टक्के बंद होते. जुन्या भागांतली जोडणी सणाच्या माळेसारखी होती, एक गेला की पुढचे सगळे जात. शिवाय आत तांब्याची तार. रिकाम्या रस्त्यावर तांबं म्हणजे पडलेले पैसे, ते चोरीला जात होतं. त्याच वर्षी 18 जुलैला शहराने दिवाळखोरी जाहीर केली. देणं सुमारे 18 अब्ज डॉलरचं. अमेरिकेतल्या कुठल्याही महापालिकेची इतकी मोठी दिवाळखोरी तोवर झाली नव्हती. पोलिसांना फोन केल्यावर ते यायला सरासरी 58 मिनिटं लागतात, असं त्या वेळच्या सरकारी कागदांतच लिहिलेलं होतं.

शहर दिवाळखोर होतं म्हणजे ते विकलं जात नाही, न्यायालयापुढे देणेकऱ्यांशी तोडगा निघतो. डेट्रॉइटचं कला-संग्रहालय शहराच्या मालकीचं होतं आणि त्यातली चित्रं विकून देणी भागवावीत अशी मागणी झाली. शेवटी देणगीदार संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालयाचे पाठीराखे यांनी मिळून 80 कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. चित्रं वाचली आणि पेन्शनची कपात आटोक्यात राहिली. आटोक्यात म्हणजे काय, तर साध्या पालिका कर्मचाऱ्यांचं पेन्शन साडेचार टक्क्यांनी कापलं गेलं आणि महागाईनुसार होणारी वाढ गेली. महिन्याच्या ठरावीक पैशांत औषधं बसवणाऱ्याला 'आटोक्यात' हा शब्द वेगळा ऐकू येतो.

दिव्यांचं काम मात्र चोख झालं. वेगळं प्राधिकरण नेमलं, 2016 अखेरपर्यंत 65 हजार एलईडी दिवे बसवले, खर्च सुमारे साडेअठरा कोटी डॉलर. माळेसारखी जोडणी गेली आणि तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम आलं, जे चोराच्याही कामाचं नाही. 88 हजारांचे 65 हजार का केले? कारण शहराने मान्य केलं की आपण आता लहान झालो आहोत. पुढाऱ्याच्या तोंडून हे वाक्य निघायला फार जड जातं.

इथवर वाचून वाटेल की सगळं दैवावर किंवा कारखान्यांवर ढकलता येईल. तसं नाही. 2008 च्या मंदीत घरांच्या किमती कोसळल्या, पण पालिकेच्या दप्तरातल्या किमती जुन्याच राहिल्या. बाजारात ज्या घराला कुणी विचारत नव्हतं, त्यावर भरल्या काळातली घरपट्टी लागत होती. 2010 ते 2016 या काळात किमान 60 कोटी डॉलर जादा आकारले गेले, असा हिशोब 2020 मध्ये 'डेट्रॉइट न्यूज' या दैनिकाने मांडला. मिशिगन राज्याच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षं कर थकला की काउंटी, म्हणजे जिल्ह्याचं प्रशासन, घर ताब्यात घेते आणि लिलावात काढते. दुसऱ्या फेरीतली बोली तेव्हा पाचशे डॉलरपासून. म्हणजे ज्या बाईने चाळीस वर्षं राहून कर्ज फेडलं, तिचं घर चुकीच्या आकारणीमुळे गेलं आणि ते बाहेरगावच्या कुणीतरी, न बघता, दहा-वीस घरांच्या गठ्ठ्यात घेतलं. गरिबांना करमाफी मागता येत होती, पण तसा अर्ज असतो हेच अनेकांना माहीत नव्हतं. आपल्या गल्लीतली काही घरं अशी रिकामी झाली, माणसं सोडून गेली म्हणून नव्हे.

रिकामं घर फार दिवस घर राहत नाही. आधी पाइप चोरीला जातात, मग पाणी मुरतं, मग छप्पर बसतं, मग कुणीतरी आग लावतं. 2013-14 च्या हिवाळ्यात स्थानिक माणसं टॅबलेट घेऊन गाड्यांतून गल्लोगल्ली फिरली आणि त्यांनी शहरातल्या जवळजवळ 3 लाख 80 हजार मिळकतींची नोंद केली. फोटो काढायचा, दोन-चार खुणा करायच्या, पाठवायचं. या कामाला त्यांनी 'ब्लेक्स्टिंग' (ब्लाइट म्हणजे पडीकपणा, अधिक टेक्स्टिंग) असं नावही दिलं. 84 हजारांहून जास्त इमारती आणि प्लॉट पडीक किंवा त्या वाटेवर निघाले. पाडापाडीसाठी केंद्राचे जे सुमारे 26 कोटी डॉलर वापरले, ते मुळात घरं जप्त होऊ नयेत म्हणून ठेवलेल्या निधीतले होते. यावर मी वेगळं काही लिहीत नाही.

पाडल्यावर उरते जमीन. ती बहुतांशी 'लँड बँक' नावाच्या सार्वजनिक संस्थेकडे जाते. तिची एक योजना मला फार शहाणपणाची वाटते. तुमच्या घराला लागून मोकळा प्लॉट असेल आणि तुमचा कर थकलेला नसेल, तर तो शंभर डॉलरला तुमचा. असे हजारो प्लॉट शेजाऱ्यांनी घेतले. कुणी त्यात टोमॅटो लावले, कुणी नातवंडांसाठी झोपाळा टांगला, कुणी नुसतं कुंपण सरकवून घेतलं.

हे समजायला तिथलं गवत समजलं पाहिजे. अमेरिकेत घरापुढचं गवत वाढलेलं असणं म्हणजे आपल्याकडे दारात केर पडून राहणं. डेट्रॉइटमध्ये अनेकजण वर्षानुवर्षं शेजारच्या रिकाम्या घराचंही गवत कापत आलेत. तिथे कुणी राहतंय असं वाटावं म्हणून आपली दुसरी गाडी त्या घराच्या वाटेवर लावायची, बर्फ पडला की तिथलाही फावड्याने सारायचा, म्हणजे पावलांच्या खुणा दिसतात. ही राखण लोकांनी फुकट केली. शंभर डॉलरच्या प्लॉटने फक्त तिच्यावर कागदाची मोहोर उठवली.

वर्तमानपत्रांतल्या फोटोंत दिसतं ते सावरणं वेगळं, डाउनटाउनचं. त्याबद्दलही बोलावं लागेल, कारण तिथल्या चुका बोलक्या आहेत. 1977 साली नदीकाठी रेनेसान्स सेंटर उभं राहिलं. काचेचे मनोरे, मधे 73 मजल्यांचं गोल हॉटेल. नावातच पुनर्जन्म. पण रस्त्याच्या बाजूला काय दिलं, तर यंत्रसामग्री लपवणारे काँक्रीटचे उंच बांध. गाडी आत घ्या, आतच जेवा, आतच खरेदी करा, गाडीने परत जा. किल्ल्याला गावाशी जेवढं देणंघेणं असतं तेवढंच याला शहराशी. ते बांध या शतकाच्या सुरुवातीला काढले गेले. फूटपाथला गर्दी मनोऱ्यांमुळे मिळत नाही, ती दारांमुळे मिळते. शंभर पावलांत दहा दारं उघडत असतील तर माणूस चालतो. शंभर पावलं नुसती भिंत असेल, किंवा पार्किंगची जागा, तर तो रस्ता ओलांडतो नाहीतर गाडी काढतो.

हेच ओळखून 2004 मध्ये कँपस मार्शियस हा चौक नव्याने केला. हिवाळ्यात बर्फावर घसरायचं रिंगण, उन्हाळ्यात त्याच जागी वाळू आणि खुर्च्या. हलवता येतील अशा खुर्च्या हे मुद्दाम सांगतो, कारण माणूस बसायच्या आधी खुर्ची चार इंच तरी सरकवतोच. 2010 नंतर डॅन गिल्बर्ट या गृहकर्जाच्या व्यावसायिकाने आपली कंपनी उपनगरातून इथे आणली, शंभराच्या घरात इमारती घेतल्या आणि तळमजल्यांवर दुकानं भरली. एकाच माणसाच्या हातात इतकं डाउनटाउन असावं का, हा प्रश्न उरतोच. डाउनटाउनच्याच जवळ 2017 मध्ये हॉकी-बास्केटबॉलचं नवं मैदान झालं, 30 कोटी डॉलरहून जास्त सार्वजनिक पैसा घालून. भोवती भरलेल्या वस्त्या उभ्या करू असं आश्वासन होतं. भोवती बराच काळ उभ्या राहिल्या त्या गाड्या, पार्किंगमध्ये.

मला जास्त शिकवतो तो लिव्हरनॉय रस्ता, डाउनटाउनपासून लांब, वायव्येला. काळ्या मध्यमवर्गाची ही जुनी पेठ, 'ॲव्हेन्यू ऑफ फॅशन' असं तिचं नाव. वरच्या टोकाला 1934 चा 'बेकर्स' जॅझ क्लब अजून चालू आहे. 2019 मध्ये पालिकेने इथे मधला दुभाजक काढला, फूटपाथ चांगले ऐसपैस रुंद केले, सायकलची पट्टी दिली. आज बाहेर टेबलं मांडलेली दिसतात. पण काम चाललेल्या महिन्यांत दुकानदारांचे फार हाल झाले. रस्ता खणलेला, गाडी लावायला जागा नाही, दारापर्यंत फळ्या टाकलेल्या. ज्यांनी शहराच्या सगळ्यात वाईट दिवसांत शटर वर ठेवलं, त्यांचा गल्ला सुधारणेच्या वर्षी रिकामा राहिला. लक्ष्मी रोडवर कुणी दुकान चालवलं असेल त्याला याचा अनुवाद लागणार नाही.

आणि काही रस्ते कधी मेलेच नव्हते. नैर्ऋत्येला मेक्सिकनटाउनमधला व्हर्नर रस्ता. हॅमट्रॅमिक या लगतच्या छोट्या शहराच्या हद्दीवरचा कोनांट रस्ता, जिथे आता पाट्या बंगालीत आहेत, मासळी आणि मिठाई मिळते आणि शुक्रवारी दुपारी वाहनं हलत नाहीत. बांगलादेशी कुटुंबांनी लागून-लागून घरं घेतली, चालत जायच्या अंतरात मशीद आणि किराणा आणला. कुठल्याही आराखड्याशिवाय गल्लीचा हिशोब परत चाळीस घरांवर गेला. नगररचनाकार ज्याला वीस मिनिटांची वस्ती म्हणतात, ती हीच.

आकडे सांगायचे तर 2023 च्या अंदाजात शहराची लोकसंख्या वाढली, 1957 नंतर पहिल्यांदा. वाढ दोन हजारांच्याही आत होती आणि आमची माणसं नीट मोजत नाही म्हणून शहराने आधी जनगणना विभागाला कोर्टात खेचलं होतं. तरी वाढ ती वाढ. 2024 मध्ये खून 203 झाले. हा आकडा मोठाच, पण 1965 नंतर तोवरचा सर्वांत कमी. 36 वर्षं रिकामं पडलेलं मिशिगन सेंट्रल रेल्वे स्थानक फोर्ड कंपनीने विकत घेऊन दुरुस्त केलं आणि जून 2024 मध्ये ते उघडलं. लोक कमानदार छताकडे बघत राहिले. गाडी मात्र तिथून अजून सुटत नाही.

सुटायला हवी ती बस. डेट्रॉइटमधल्या साधारण एक चतुर्थांश घरांत गाडी नाही, आणि नोकऱ्या बऱ्याच बाहेर. पण शहराची बस वेगळी आणि उपनगरांची वेगळी, आणि उपनगराला 'आम्हाला बस नको' असं म्हणायची मुभा होती. दोन्ही जोडण्यासाठीचा कर 2016 च्या मतदानात थोडक्यात पडला. नोव्हाय त्या 'नको' म्हणणाऱ्यांत होतं. तिथल्या ट्वेल्व्ह ओक्स मॉलमध्ये कुणाला झाडू मारायचं काम मिळालं, तर शेवटचे मैल पायी, महामार्गाच्या कडेने. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये नोव्हाय ज्यात येतं त्या ओकलंड काउंटीने सगळ्या गावांसाठी एकच कर मंजूर केला आणि ती मुभा संपली. तेव्हा धाकट्याला पुढच्या वेळी फोन कराल, तेव्हा विचारून बघा, घराजवळ बसचा नवा थांबा झालाय का. त्याला बहुधा माहीत नसेल. थांब्यावर कोण उभं असतं, तेही त्यालाच विचारा.